वाऱ्याच्या बाजूला

कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या क्रूझच्या बोटी जवळजवळ प्रत्येक बेटाला एकाच अंगाने भिडतात. बार्बाडोसचं ब्रिजटाऊन, सेंट लुशियाचं कॅस्ट्रीज, सेंट किट्सचं बास्तेर, डॉमिनिकाचं रोझो, ग्रेनाडाचं सेंट जॉर्जेस, मार्टिनिकचं फोर-द-फ्रान्स, ही सगळी बंदरं पश्चिमेच्या बाजूला आहेत. इथे वर्षातले बहुतेक दिवस वारा ईशान्येकडून नाहीतर पूर्वेकडून वाहतो. पूर्व किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा आडकाठीशिवाय येऊन आदळतात. पश्चिमेला बेटाचाच आडोसा मिळतो, पाणी निवांत असतं, जहाज नांगरता येतं. शिडाच्या जहाजांनी चारशे वर्षांपूर्वी हीच बाजू धरली आणि आजच्या पंधरा मजली बोटींनीही तीच धरली आहे.

म्हणून सकाळी आठला उतरून संध्याकाळी पाचच्या आत परतणाऱ्या प्रवाशाला बेटाची आडोशाची बाजू तेवढी दिसते. पांढरी वाळू, निळंहिरवं पाणी, रंगवलेली लाकडी घरं, रमची दुकानं. ते सगळं सुंदर आहेच. पण हाताशी सात-आठ तास असतील, तर त्यातले तीन तास टॅक्सी करून वाऱ्याच्या बाजूला जावं, असं मी आग्रहाने सांगेन. तिकडे माळांवर, उघड्या टेकाडांवर दगडी मनोरे दिसू लागतात. बुडाशी रुंद, वर निमुळते, डोकं उडालेले, फटींतून झाडं उगवलेले. या पवनचक्क्या आहेत. त्यांच्यात कधी पीठ दळलं गेलं नाही, ऊस गाळला गेला. बार्बाडोस हे बेट साधारण ४३० चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतात त्याहूनही लहान. त्यावर एके काळी अशा पाचशेहून अधिक चक्क्या होत्या. कुठल्याही टेकाडावर उभं राहिलं तर चारही दिशांना पाती फिरताना दिसत असणार.

यांतल्या दोन चक्क्या बघायलाच हव्यात. बार्बाडोसच्या ईशान्येला सेंट अँड्र्यू भागात मॉर्गन लुईस चक्की आहे. ती १९४० च्या दशकापर्यंत चालू होती आणि तिची चाकं, आतली यंत्रणा टिकून आहे. दुसरी अँटिग्वाच्या पूर्व भागातल्या बेटीज होप मळ्यावरची. तिथे दोन मनोरे शेजारीशेजारी आहेत. त्यांतला एक १९९५ साली दुरुस्त करून पात्यांसकट उभा केला गेला. हा मळा १६७४ पासून कॉड्रिंग्टन घराण्याकडे होता आणि बेटी हे त्या घरातल्या मुलीचं नाव. मनोऱ्यात शिरल्यावर आधी वर बघावं. टोपीसारखं लाकडी डोकं दगडी कड्यावर फिरू शकेल असं बसवलेलं असे. मागच्या बाजूने एक लांबलचक दांडा जमिनीपर्यंत उतरलेला. वारा कलला की तो दांडा ढकलून सगळं डोकं वाऱ्यासमोर आणायचं. पात्यांवर कापड चढवलेलं असे. वारा पडला तर कापड वाढवायचं, सोसाट्याचा आला तर घाईने गुंडाळायचं. गुंडाळायला उशीर झाला तर चक्की आवरेनाशी होई आणि दाते मोडत.

गाळपाचा हंगाम जानेवारीपासून मे-जूनपर्यंत. पाऊस कमी, वारा भरवशाचा आणि उसात साखर भरलेली, या तिन्ही गोष्टी त्याच महिन्यांत जुळतात.

ज्याने कोल्हापूर, सातारा भागात गुऱ्हाळ पाहिलं आहे त्याला पुढचं सगळं ओळखीचं वाटेल, आणि म्हणूनच ते जास्त लागेल. मनोऱ्याच्या तळाशी चरक. तीन उभे रूळ, मधला वाऱ्याच्या जोराने फिरणारा आणि त्याच्या दातांनी बाजूचे दोन फिरवणारा. एका बाजूला उभी असलेली बाई उसाची मोळी पहिल्या फटीत सारायची. मागे उभं असलेलं माणूस चेपलेला ऊस दुसऱ्या फटीतून परत पाठवायचं. भरणारीचा हात रुळांच्या तोंडापाशीच असे. वाऱ्यावर चालणारी चक्की हाक मारली म्हणून थांबत नाही. बैलांचा चरक निदान बैल आवरून थांबवता येतो, इथे पात्यांचा सगळा झोत रुळांवर आलेला असतो. रात्री उशिरा, दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईच्या डोळ्यांवर झापड आली आणि बोटं आत गेली, की पाठोपाठ कोपर, मग खांदा. म्हणून चरकाशेजारी एक कुऱ्हाड कायम धार लावून ठेवलेली असे. हात तोडून जीव वाचवायचा, हा नित्याच्या व्यवस्थेचाच भाग होता. बेटीज होपच्या मनोऱ्यात उभं राहून ती कुऱ्हाड कुठे टांगली असेल ते शोधावंसं वाटतं. जागा अरुंद आहे. ती हाताशीच असणार.

एवढी घाई कशासाठी, याचं उत्तर उसातच आहे. ऊस तोडला की त्यातली साखर फुटायला लागते. ज्या साखरेचा दाणा बनतो तिचं रूपांतर दाणा न धरणाऱ्या साखरेत होऊ लागतं. आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, ऊस वाळला, उतारा पडला. उष्ण हवेत एका दिवसातच नुकसान दिसतं. गाळलेला रस तर त्याहून नाजूक, काही तासांत आंबतो. म्हणजे शेतातली तोड, चरक आणि चूल हे तिन्ही एकाच वेगाने चालले पाहिजेत. तोड जास्त झाली तर ऊस पडून वाळतो, वारा पडला तर तोड थांबवावी लागते, काहिली अडकल्या तर चरक थांबवावा लागतो. कापूस वेचून ठेवता येतो, तंबाखू वाळवून ठेवता येतो, ऊस ठेवता येत नाही. त्यामुळे सतराव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये कापड अजून घराघरांत विणलं जात होतं तेव्हा, बार्बाडोसवर पाळ्या लावून रात्रंदिवस चालणारे कारखाने उभे राहिले होते. शनिवारी रात्री जाळ विझे, तो सोमवारी पहाटे पुन्हा पेटे.

रस शिशाचा पत्रा मारलेल्या पन्हळीतून उकळघरात जाई. तिथे भिंतीलगत चार-पाच तांब्याच्या काहिली एका रांगेत. पहिली सर्वांत मोठी, हजाराहून अधिक लिटरची. पुढची प्रत्येक लहान होत जाणारी, आणि शेवटची तीन-चारशे लिटरची. पहिल्या काहिलीत चुन्याची निवळी घालायची. ती कमी पडली तर रसाची आंबटाई जात नाही आणि दाणा धरत नाही. जास्त झाली तर साखर काळपट पडते. वर येणारा मळ झाऱ्याने सतत काढायचा. तो टाकून द्यायचा नाही, रमच्या भट्टीकडे पाठवायचा. मग लांब दांड्याच्या पळ्यांनी रस एका काहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. दर टप्प्याला घट्ट, दर टप्प्याला जास्त गरम. शेवटच्या काहिलीशी उभा असलेला मुख्य माणूस म्हणजे तिथला गुळव्या. तोही गुलामच. अंगठा आणि तर्जनीत पाकाचा थेंब धरून तो बोटं फाकवायचा आणि तार किती लांब जाऊन तुटते, तुटून कशी मागे वळते, त्यावरून ठरवायचा. आपला गुळव्या पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळून बघतो, कसब तेच. क्षणभर लवकर उतरवलं तर दाणा नाही. क्षणभर उशीर झाला तर सगळं आधण करपलं. त्या वेळी पाकाचं तापमान ११५ अंशांच्या वर असतं. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून बसतो.

आपण गूळ करतो तेव्हा काकवीसकट सगळं ढेपेत उतरतं. तिथे युरोपला पाठवायचा दाणा वेगळा हवा होता. म्हणून गार झालेला माल बुडाला भोकं असलेल्या पिंपांत किंवा मडक्यांत भरून तीन-चार आठवडे निथळत ठेवायचा. खाली गळणारं मोलॅसिस, म्हणजे साखर कारखान्यातली मळी, पुन्हा रमसाठी. दहा लिटर रसामागे साखर निघे एखादा किलो.

जळणाचा हिशोबही बघण्यासारखा आहे. इंग्रज १६२७ मध्ये बार्बाडोसवर वस्तीला आले तेव्हा बेट जंगलाने भरलेलं होतं. ब्राझीलमधून साखरेची विद्या १६४० च्या दशकात आली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जंगल जवळजवळ संपलं. मग चिपाड वाळवून जाळायची वेळ आली. म्हणून चुलवाणही बदललं. प्रत्येक काहिलीखाली वेगळा जाळ होता तो गेला. एकच जाळ शेवटच्या, लहान काहिलीखाली ठेवायचा आणि त्याची झळ विटांच्या बोगद्यातून बाकीच्या काहिलींच्या बुडाखालून फिरवून धुराड्यातून सोडायची. पडक्या उकळघरांत हा बोगदा अजून ओळखू येतो. भिंतीलगत गोल खड्ड्यांची रांग, खाली काळवंडलेल्या विटा, आणि एका टोकाला धुराड्याचा उरलेला भाग. गाइडने दाखवलं नाही तरी सापडतो.

शेतातलं काम याहून लांबलचक. बार्बाडोसची माती पावसाने वाहून जाऊ लागल्यावर तिथे चौकोनी खड्ड्यांची लावण सुरू झाली. साधारण पाच फूट चौरसाच्या चौकटीत पाच-सहा इंच खोल खड्डा आणि भोवती मातीचा वरंबा. पाणी आणि खत आतच राहतं. शेतीच्या दृष्टीने पद्धत उत्तम होती. पण खड्डे खोदायचे कुदळीने, आणि एका माणसाकडून दिवसाला साठापासून शंभरापर्यंत खड्ड्यांची अपेक्षा असे. त्यात शेंड्याकडची बेण्याची कांडी आडवी ठेवायची, शेणखत पाट्यांतून डोक्यावर वाहून आणायचं. पाटी गळायची आणि ते सगळं अंगावर ओघळायचं. ऊस चौदा ते अठरा महिन्यांनी तयार होई, आपल्या आडसालीसारखा. माणसांच्या टोळ्या ताकदीनुसार पाडलेल्या. पहिल्या टोळीत धडधाकट माणसं, दुसरीत वाढती मुलं, बाळंतिणी आणि आजारातून उठलेले, तिसरीत पाच-सहा वर्षांपासूनची मुलं, गवत काढायला. पहिल्या टोळीत पुढे पुढे बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती, कारण गुळव्या, सुतार, पिंपं बनवणारे ही कसबाची कामं पुरुषांनाच मिळत. सर्वांत जड काम बायकांच्या वाट्याला आलं, ही गोष्ट बेटांवरच्या पाट्यांवर क्वचितच लिहिलेली असते. ती ठळक अक्षरांत लिहायला हवी.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. गुलामांच्या व्यापाराच्या संपूर्ण काळात एकट्या बार्बाडोसवर आफ्रिकेतून सुमारे ४ लाख ९० हजार माणसं उतरवली गेली. आज ज्याला अमेरिकेची संयुक्त संस्थानं म्हणतो त्या सगळ्या मुलखात उतरवलेल्यांचा आकडा ४ लाखांच्या आत आहे. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा बार्बाडोसवर गुलाम होते सुमारे ८३ हजार. १८६० मध्ये अमेरिकेत होते जवळजवळ ४० लाख. बार्बाडोसवर उतरवलेल्यांपैकी काही जण पुढे इतर बेटांवर विकले गेले, हे धरूनही ही तफावत भरून निघत नाही. उसाच्या बेटांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. माणसं संपत होती आणि नवी विकत आणली जात होती. मळेवाल्यांच्या वह्यांत हा खर्च बैलांच्या आणि काहिलींच्या खर्चाशेजारी मांडलेला असे.

बार्बाडोसच्या दक्षिण भागात, क्राइस्ट चर्चमध्ये, न्यूटन मळ्याची दफनभूमी आहे. बंदरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर. बघायला काही नाही, उतारावरचं गवताचं रान. इथे पाचशेहून अधिक गुलाम पुरले गेले. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा सांगाड्यांच्या दातांवर लहानपणीच्या उपासमारीचे आडवे वळ दिसले आणि हाडांत शिसं सापडलं, फार जास्त प्रमाणात. रम गाळण्याच्या नळ्या आणि भांडी यांतलं शिसं रममध्ये उतरायचं, आणि कामाच्या बदल्यात, पावसात भिजल्यावर, सणावाराला गुलामांना रमच दिली जायची. रसाच्या पन्हळीलाही शिशाचाच पत्रा.

त्याच दफनभूमीत एका वयस्क माणसाच्या गळ्यात माळ सापडली. कवड्या, कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, काचेचे मणी, आणि एक मोठा लालसर अकीक. बहुधा तो माणूस वैदू असावा. शेजारी आफ्रिकेतल्या घडणीची मातीची चिलीम होती. कवड्या हिंदी महासागरातल्या, आणि तो अकीक बहुधा गुजरातेतल्या खंबायतच्या कारागिरांनी घडवलेला. खंबायतचे मणी कित्येक शतकं अरबी गलबतांतून आफ्रिकेत जात होते. तिथून कुणाच्या तरी गळ्यात बसून तो मणी वाळवंटातून किंवा किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिम आफ्रिकेत पोचला असेल आणि मग जहाजाच्या तळघरातून बार्बाडोसला. जहाजावर चढवताना माणसांच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं जाई असं आपण वाचतो. हा मणी कसा वाचला असेल, याचा विचार मला त्या गवताच्या रानापासून दूर जाऊ देत नाही.

या सगळ्याच्या आधी बेटांवर कालिनागो लोक होते. त्यांचं काय झालं हे थोडक्यात सांगता येतं, कारण ते फार झटपट झालं. सेंट किट्सवर १६२४ मध्ये इंग्रज आले, १६२५ मध्ये फ्रेंच. १६२६ मध्ये दोघांनी मिळून कालिनागोंची कत्तल केली. त्या जागेला आजही ब्लडी पॉइंट म्हणतात. मग बेट वाटून घेतलं, मधला भाग इंग्रजांना, दोन्ही टोकं फ्रेंचांना. सेंट व्हिन्सेंटवर कालिनागो आणि आफ्रिकन यांच्या मिश्रणातून झालेले गारिफुना दीडशे वर्षं तगून राहिले. त्यांचा पुढारी चाटोयर १७९५ मध्ये लढाईत पडला. १७९६ मध्ये इंग्रजांनी हजारो गारिफुना आधी बालिसो या निर्जल बेटावर कोंडले, तिथे त्यांतले जवळजवळ निम्मे मेले, आणि उरलेल्यांना १७९७ मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडलं. रोआतान हेही आता क्रूझचं बंदर आहे. तिथे उतरणाऱ्याने पुंता गोर्दा या गारिफुना गावात जरूर जावं.

ब्रिटनने १८३३ मध्ये कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले. ब्रिटिश सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम. ती मिळाली मालकांना. ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना काही मिळालं नाही. उलट सहा वर्षांवरच्या सगळ्यांना ‘शिकाऊ’ म्हणून आठवड्याला ४५ तास फुकट राबायची सक्ती झाली, ती १८३८ पर्यंत चालली. अँटिग्वाने मात्र ही शिकाऊ पद्धत नाकारून एकदम मुक्ती दिली. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला.

हैतीने तर स्वतःचं स्वातंत्र्य स्वतः मिळवलं आणि त्याची किंमत दुप्पट मोजली. तेव्हा त्याचं नाव सां-दोमिंग, युरोपातली सुमारे ४० टक्के साखर पुरवणारी फ्रेंच वसाहत. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या सखल मुलखातले उसाचे मळे पेटले आणि १ जानेवारी १८०४ ला गुलामांनी आपलं राष्ट्र जाहीर केलं. १८२५ मध्ये फ्रान्सने आरमार पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, मळेवाल्यांच्या ‘मालमत्तेची’, ज्यात ही माणसंही धरलेली होती. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भागवायला काढलेली कर्जं १९४७ पर्यंत फेडावी लागली. त्याच उत्तर किनाऱ्यावर, कॅप-हैतियन शहराजवळ, लाबादी नावाचा समुद्रकिनारा आहे. एका क्रूझ कंपनीने तो भाड्याने घेऊन भोवती कुंपण घातलं. बोटीचा प्रवासी तिथे उतरायचा, पोहायचा, परत जायचा. ज्या मुलखात जगातलं एकमेव यशस्वी गुलामांचं बंड पेटलं तो कुंपणापलीकडे काही किलोमीटरवर होता. मला ते कुंपण फार टोचतं.

ब्रिटिश गयाना आणि जमैकात मळे असलेल्या जॉन ग्लॅडस्टोन या मालकाला अडीच हजारांवर गुलामांपोटी १ लाख ६ हजार पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टोनचे हे वडील. गुलाम मोकळे झाले तर ऊस कोण तोडणार, याची सोय त्यांनी आधीच बघून ठेवली. जानेवारी १८३६ मध्ये त्यांनी कलकत्त्यातल्या एका कंपनीला पत्र लिहून मजूर मागवले. ५ मे १८३८ ला ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजं चारशेच्या आसपास हिंदी माणसं घेऊन गयानाला लागली. त्रिनिदादला ‘फतेल रझाक’ ३० मे १८४५ ला पोचलं. १९१७ पर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादला १ लाख ४४ हजार माणसं गेली. पाच वर्षांचा करार, ज्याला आपण गिरमिट म्हणतो. बहुतेक जण भोजपुरी आणि अवधी मुलखातले. मार्टिनिक आणि ग्वादलुपला गेले ते पाँडिचेरी, कारैकलहून, त्यांत तमिळ पुष्कळ. मराठी माणसांची गिरमिट मुख्यतः मॉरिशसकडे वळली. पण ही पद्धत मोडण्याच्या लढ्यात एक मराठी नाव ठळक आहे. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पूर्ण बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी सभासदांच्या बहुमतापुढे तो फेटाळला गेला. पाच वर्षांनी, गोखले गेल्यानंतर, माणसं पाठवणं थांबलं. त्रिनिदादच्या दालपुरीचं आणि चोख्याचं कौतुक करणाऱ्या आपल्या प्रवासवर्णनांत गोखल्यांचा हा ठराव आलेला मला फारसा दिसला नाही.

दुवे वनस्पतींतही आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उत्तरेकडून येणारं धान्य आणि खारवलेला मासा थांबला आणि बेटांवर हजारो गुलाम उपाशी मेले, कारण चांगली जमीन सगळी उसाखाली होती. म्हणून स्वस्त खाणं हवं होतं, आणि ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन ब्लायला पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाहून नीरफणसाची रोपं आणायला पाठवलं. पहिल्या खेपेला ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं, दुसऱ्या खेपेला, १७९३ मध्ये, रोपं सेंट व्हिन्सेंटच्या वनस्पती उद्यानात पोचली. आपल्या कोकणात, गोव्यात ज्याच्या कापा करतात तोच हा नीरफणस. गुलामांनी सुरुवातीला तो तोंडात घेतला नाही. आज खारवलेल्या माशाबरोबर भाजलेला नीरफणस तिथलं घरचं जेवण आहे.

आणि ऊस. १८८८ मध्ये बार्बाडोसच्या डॉड्स केंद्रावर हॅरिसन आणि बोवेल यांनी दाखवून दिलं की उसाच्या तुऱ्यातलं बी रुजतं. त्याच सुमारास जावामध्येही हा शोध लागला. तोवर ऊस फक्त कांडीवर वाढवत. बी रुजतं म्हटल्यावर संकर करता येऊ लागला. गयानाच्या डेमेरारा भागात निघालेला ‘डी ७४’ नावाचा ऊस पुढे कोइमतूरला पोचला, तिथे त्याच्यापासून ‘को २९०’ झाला आणि ‘को २९०’ व जावाच्या एका वाणापासून ‘को ४१९’. प्रवरेपासून कृष्णेपर्यंत आपल्या सहकारी कारखान्यांच्या पहिल्या काळात शेतात उभा होता तो हाच ४१९. त्याची आजी, आजोबा म्हणा, गिरमिटियांच्या हातच्या मळ्यांमधली.

सेंट किट्सवर १९१२ मध्ये बास्तेरजवळ मध्यवर्ती साखर कारखाना झाला आणि १९२६ पर्यंत बेटाभोवती ऊस वाहण्यासाठी अरुंद रूळ टाकले गेले. मळ्यामळ्यांवरच्या चक्क्या आणि काहिली थंडावल्या. २००५ मध्ये कारखानाही बंद पडला. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ ज्यावर बेट चाललं ते एका हंगामाबरोबर थांबलं. त्याच रुळांवरून आता बोटीतून उतरलेले प्रवासी फिरतात. अठरा मैल गाडीने, उरलेले बारा मैल बसने, मिळून तीन तास. वरच्या उघड्या मजल्यावर बसावं. गाडी कोरड्या घळींवरच्या लोखंडी पुलांवरून जाते, पडक्या चक्क्या आणि धुराडी मागे पडत जातात, एका बाजूला ज्वालामुखीचा उतार, दुसऱ्या बाजूला अटलांटिक. मधल्या शेतांत ऊसच आहे. २००५ नंतर त्याची लावण कुणी केलेली नाही, भर कुणी लावली नाही, तोड कुणी केली नाही. खोडव्यावर खोडवा आपला येतो आहे. डिसेंबर-जानेवारीत त्याला तुरे फुटतात आणि पूर्वेचा वारा ते सगळे पश्चिमेकडे झुकवून ठेवतो, जिकडे बोटी लागतात.